मुलाम्याची हकीकत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा आग्रह चिटणीसबाईंनी धरला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लिहायचे म्हणजे वाणसामानाची यादी आणि भावाला राखीबरोबर चार ओळी, एवढीच सवय. पण गेल्या भाद्रपदात आमच्या घरी एक गोष्ट घडली, आणि तिच्या पाठी लागून मी पुणे नगर वाचन मंदिरातून पुस्तके आणली, धाकट्या मुलाला प्रश्न विचारून हैराण केले, स्वयंपाकघराच्या ओट्यावर काचेच्या बाटलीत प्रयोगही केला. ते सारे मनात होतेच. तेव्हा भगिनींनो, चुकले-माकले सांभाळून घ्या.

आमच्याकडे उभ्याच्या गौरी असतात. दोन मुखवटे चांदीचे, आजेसासूबाईंच्याही आधीपासूनचे, असे मी लग्न होऊन शनिवार पेठेत आले तेव्हापासून ऐकत आले. गेल्या वर्षी मुखवटे घासायला काढले, तर ज्येष्ठेच्या नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर पिवळसर डाग दिसला. मी चिंच लावली, रांगोळी लावली. डाग जाईना, उलट वाढला. चांदी काळी पडते, पिवळी कशी पडेल? म्हणून मी ते मुखवटे मुलामा देणाऱ्या एका कारागिराकडे नेले. त्याने भिंगातून पाहिले आणि म्हणाला, “ताई, हे पितळेचे आहेत. वर चांदीचा मुलामा आहे. मुलामा मात्र चांगला दिलेला आहे हो.”

घरी आल्यावर काय झाले असेल ते सांगायला नको. चुलत सासरे जेवायला होते. ते म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षे आपण पितळेला चांदी समजून हळदकुंकू वाहिले की काय? कुणीतरी फसवले आपल्याला.” ह्यांनीही मान हलवली. सासूबाई तेवढ्या गप्प होत्या. त्या का गप्प होत्या ते पुढे येईलच. मला मात्र त्या दिवसापासून एकच विचार सुरू झाला, की पितळेवर चांदी बसते तरी कशी? लेप म्हणावा तर तो पुसला जात नाही, पत्रा म्हणावा तर कुठे सांधा दिसत नाही.

आपल्याला घरात ठाऊक असलेला मुलामा म्हणजे कल्हई. माझ्या लहानपणी कल्हईवाला दारात येई, भाता लावी, पातेले तापवी, नवसागराची पूड टाकून कथलाची कांडी फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने एका हातात सगळीकडे पसरवी. पांढरा धूर निघाला की आम्ही मुले नाक दाबून उभी. कथील २३२ अंशांवरच वितळते, म्हणून ते साध्या भट्टीवर जमते. कल्हई केली नाही तर ताक कळकते, आमटी कळकते, हे आपल्याला सांगायला नको. कसब्यातल्या तांबट आळीत मठारकाम करून घडवलेली भांडी घरोघर जात, आणि त्यांचा संसार चालायचा तो ह्या कथलाच्या थरावर. पण कल्हई म्हणजे वितळलेला धातू पुसून लावणे. सोने-चांदी तसे लावता येत नाही. ते वितळेपर्यंत खालचे पितळच पाणी होऊन जायचे.

म्हणून जुन्या काळी पारा वापरीत. मुलामा हा शब्दच मुळी अरबीतून आपल्याकडे आलेला, आणि कृती त्याहून जुनी. सोन्याचा बारीक चुरा पाऱ्यात घातला की लोण्यासारखा गोळा होतो. तो मूर्तीवर किंवा कळसावर चोळायचा आणि वस्तू तापवायची. पारा वाफ होऊन उडून जातो, सोने चिकटून राहते. ह्या पद्धतीचा मुलामा जाड आणि टिकाऊ, शेकडो वर्षे टिकलेला आहे. पण तो पारा उडून जातो म्हणजे जातो कुठे? तो भट्टीजवळ बसलेल्या माणसाच्या छातीत जातो. हात थरथरू लागतात, हिरड्या सुजून दात पडतात, भ्रम होतो. पॅरिसला राव्रियो नावाचा पितळकामाचा एक कारखानदार होता. आपल्या कारागिरांचे हे हाल पाहून त्याने मरतेवेळी मृत्युपत्रात ३००० फ्रँक ठेवले, जो कोणी ह्या विषापासून कारागिरांना वाचवण्याची युक्ती काढील त्याच्यासाठी. हा माणूस १८१४ साली वारला. १८१८ साली दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला ते बक्षीस मिळाले. त्याने धूर वर ओढून नेणारी भट्टी बांधली होती. आपल्याकडे कोणी असे पैसे ठेवले असतील काय, असा विचार माझ्या मनात आला. असो.

रशियात सेंट पीटर्सबर्ग शहरी आयझॅकचे म्हणून मोठे देऊळ आहे. त्याच्या घुमटाला पाऱ्यानेच सोन्याचा मुलामा दिला, आणि त्या कामात साठ माणसे मेली असे सांगतात. गंमत अशी, की ज्या काळात हे काम चालले होते त्याच काळात, त्याच शहरात, पाऱ्यावाचून मुलामा देण्याची विद्या जन्माला येत होती, आणि त्याच देवळातल्या काही पुतळ्यांसाठी ती वापरलीही गेली.

ही विद्या विजेची. पण वीज म्हटल्यावर आपल्यापुढे दिवा येतो, तसे तेव्हा नव्हते. एडिसनचा दिवा १८७९ चा. त्याच्या कितीतरी आधी वीज मुलाम्याच्या कामी लागली होती. इटलीच्या व्होल्टाने १८०० साली दोन धातूंच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापड एकावर एक रचून सतत वाहणारी वीज तयार केली. पाचच वर्षांनी, १८०५ साली, त्याचा स्नेही ब्रुन्यातेल्ली ह्याने दोन मोठ्या चांदीच्या पदकांवर ह्या विजेने सोने चढवले. पण त्याच्या कामाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मग पीटर्सबर्गचा याकोबी, १८३८ साली. त्याने तांब्याचा थर एका नक्षीवर बसवला आणि तो सोलून काढला, तर नक्षीची हुबेहूब उलटी प्रत हातात आली.

चांदीचे कोडे मात्र अडून बसले होते. चांदी बसायची, पण भुशासारखी, बोट लावले की निघून यायची. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरी जॉन राइट नावाचा एक वैद्य होता. जुन्या पुस्तकात त्याने वाचले, की सोने-चांदीचे क्षार सायनाइडच्या पाण्यात विरघळतात. त्याने तसे पाणी करून पाहिले, आणि चांदी घट्ट, पांढरी, एकसारखी बसली. एल्किंग्टन नावाच्या चुलतभावांनी त्याच्याकडून ती कृती घेऊन १८४० साली पेटंट मिळवले. वस्तू पाऱ्याच्या विषातून सुटली ती सायनाइडच्या विषात पडली, असेच म्हणावे लागेल. मात्र सायनाइड पाण्यात राहते, भट्टीच्या धुराबरोबर उडत नाही. त्यात आम्ल पडू दिले नाही तर माणूस सांभाळून काम करू शकतो. आम्ल पडले तर मात्र जीवघेणा वायू निघतो. आमच्या कारागिराच्या दुकानातही आम्लाची बरणी एका टोकाला आणि चांदीची टाकी दुसऱ्या टोकाला, मध्ये भिंत. मी विचारले तेव्हा म्हणाला, “वडिलांनी बांधलेली भिंत आहे, ती काही मी पाडणार नाही.”

ह्याच एल्किंग्टनांच्या कारखान्यातली १८६४ सालची एक थाळी १८८६ पासून विम्बल्डनला टेनिसमध्ये जिंकणाऱ्या बाईला देतात. दूरदर्शनवर ती थाळी डोक्यावर धरलेल्या बायका आपण पाहतो. मूळ थाळी जुनी, कथलाच्या मिश्रधातूची. तिची विजेने काढलेली प्रत समोर ठेवून ही केली. नक्कल म्हणून तिला कोणी नाक मुरडलेले मी ऐकले नाही!

आता थर बसतो कसा, ते सांगते. माझ्या मुलाने (तो डिप्लोमाला आहे) मला आधी आकृती काढून दाखवली. ती मला कळली नाही. मग आम्ही प्रयोग केला. काचेच्या जुन्या बाटलीत पाणी घेऊन त्यात मोरचूद विरघळवली. सुंदर निळे पाणी झाले. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. (बाटली पुन्हा खाण्याच्या कामी वापरू नये, मी ती टाकून दिली.) त्यात एक लोखंडी खिळा नुसताच टाकला. घटकाभरात तो तांबडा झाला. मला वाटले, झाला की मुलामा, वीज कशाला हवी? पण फडक्याने पुसला तर सगळे तांबे फडक्यावर. मुलगा म्हणाला, इथे लोखंड पाण्यात जाते आणि त्याच्या जागी तांबे येऊन बसते. खालची जमीनच सरकते आहे, तर वरची भिंत कशी पक्की होणार?

मग दुसरा प्रयोग. तांब्याची एक पट्टी आणि जुनी पितळी किल्ली, दोन्ही निळ्या पाण्यात समोरासमोर लोंबत सोडली, एकमेकींना लागू न देता. घड्याळातला एक सेल घेतला. त्याचे धन टोक पट्टीला, ऋण टोक किल्लीला. पाण्यात तांब्याचे कण असतात ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रत्येकावर धन विद्युतभार असतो. त्यांना आयन म्हणतात. भोवती पाण्याच्या कणांचा वेढा घेऊन ते हिंडत असतात. किल्लीकडे सेलमधून ऋण भाराचे इलेक्ट्रॉन येतात. आयन किल्लीपाशी पोचला की वेढा सोडतो, दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि साधा तांब्याचा कण होऊन किल्लीवर उतरतो. तिकडे पट्टीतून तितकेच कण पाण्यात उतरतात. म्हणून निळे पाणी निळेच राहते, पट्टी झिजते आणि किल्ली भरते.

पण किल्लीवर उतरलेला कण नेमका बसतो कुठे? ह्याचे उत्तर मला फार आवडले, कारण ते आपल्या हळदीकुंकवासारखे आहे. सतरंजी अंथरलेली असते, बायका येऊ लागतात. पहिली बाई कधी सतरंजीच्या मधोमध बसते काय? ती भिंतीला टेकून बसते, कोपरा पाहते. दुसरी येते ती तिच्या शेजारी. मग दुसरीकडे एखादी बसते, तिच्याभोवती तिच्या ओळखीच्या. असे दोन-चार घोळके होतात, ते वाढत वाढत एकमेकांना भिडतात, आणि सतरंजी भरून जाते. धातूचे कणही तसेच. पृष्ठभागावर उतरलेला कण थोडा इकडे तिकडे सरकतो आणि जिथे पायरी असेल, खाच असेल, आधी बसलेल्या कणाचा शेजार असेल, तिथे स्थिर होतो. त्यांचे बारीक बारीक उंचवटे होतात, ते पसरून एकमेकांना मिळतात, आणि त्या थरावर पुढचा थर सुरू होतो.

आता सगळ्या बायका एकदमच दारात लोटल्या तर काय होईल? कोणाला आत सरकायला सवड नाही, दाराशीच ढीग. हेही आम्ही करून पाहिले. एका सेलच्या जागी नऊ व्होल्टची बॅटरी लावली. किल्लीवर काही मिनिटांत काळपट तपकिरी भुसा जमला, हात लावला की गळाला. ह्याला मुलामेवाले ‘जळाले’ म्हणतात, जाळ नसताना. प्रवाह फार झाला की कणांना जागा शोधायला वेळ मिळत नाही, आणि किल्लीजवळच्या पाण्यातले आयन संपतात. जिथे टोक पुढे आलेले असेल तिथेच सगळे धाव घेतात आणि झाडाच्या फांद्यांसारखे वाढत जातात. जॉन राइटच्या सायनाइडने नेमके हेच थांबवले. चांदीचा कण सायनाइडच्या पकडीत असतो, तो सहजी सुटत नाही, त्यामुळे गर्दी होत नाही. आणि पितळेवर वीज नसताना आपोआप बसणारी ती कच्ची चांदीही त्याने कमी होते.

तिसऱ्यांदा सेल लावून किल्ली नीट गुलाबी झाली. मात्र तिच्या कडीवर एक जागा कोरी राहिली होती. पाहते तो माझ्याच बोटाचा ठसा, तेलकट. मघाशी फोडणी करून मी हात नुसताच पुसला होता. कारागिराकडे ह्यामुळे निम्म्याहून अधिक वेळ धुण्यातच जातो: आधी घासणे, मग क्षाराच्या गरम पाण्यात, मग साध्या पाण्यात, मग सौम्य आम्लात, मग पुन्हा पाण्यात. एवढे सोवळे तर आपल्या आज्यांनीही पाळले नसेल.

किती वीज सोडली की किती धातू बसेल, ह्याचा हिशेब फॅरेडेने १८३०-४० च्या दशकातच मांडून ठेवला होता. १ अँपिअरचा प्रवाह १ तास चालला तर तांबे १ ग्रॅम १९० मिलिग्रॅमच्या आसपास बसते आणि चांदी ४ ग्रॅम. ह्यात उधारी नाही की घासाघीस नाही.

ही विद्या नुसती भांडी चमकवण्यापुरती राहिली नाही. याकोबीची सोलून काढायची युक्ती छापखान्यांनी घेतली, आणि पुढे ग्रामोफोनवाल्यांनी. सासूबाईंच्या माहेरी चावीचा ग्रामोफोन होता, हिराबाई बडोदेकरांच्या तबकड्या होत्या. त्या तबकड्या कशा होत हे वाचून मी थक्क झाले. गाणारणीचा आवाज मेणाच्या चकतीवर रेघांत उतरे. मेणातून वीज जात नाही, म्हणून त्यावर शिसपेन्सिलीतल्या काजळीची, म्हणजे ग्रॅफाइटची, बारीक पूड चोळीत आणि ती चकती तांब्याच्या पाण्यात लोंबत सोडीत. तांबे आवाजाच्या प्रत्येक खाचेत शिरून बसे. मग तो थर सोलायचा. पहिल्या थराला ‘बाप’ म्हणत. त्याच्यावर पुन्हा धातू बसवून सोलला की ती ‘आई’. आणि आईवरून काढलेले ठसे दाबून हजारो तबकड्या निघत. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले तेव्हा हे सगळे काम जर्मनीत हॅनोव्हरला होई. १९०८ साली सियालदहला कारखाना निघाला. आवाज गेला तरी तो धातूच्या कणांनी तंतोतंत धरून ठेवला होता. आज आपल्या मुलांच्या हातातल्या मोबाइलच्या आत केसाहून कितीतरी बारीक तांब्याच्या वाटा असतात, त्याही अशाच पाण्यातून विजेने बसवतात. १९९७ साली अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने ही रीत जाहीर केली.

बायकांच्या दृष्टीने मुलाम्याचा मोठा अध्याय म्हणजे दागिने. चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आले. नवे दागिने १४ कॅरेटपेक्षा चोख करायचे नाहीत असा नियम झाला. कितीएक सोनार देशोधडीला लागले, काहींनी जीव दिले. १९६८ साली त्याचा कायदा झाला, आणि तो १९९० साली रद्द झाला. तो काळ मी पाहिला नाही, सासूबाईंनी ऐकलेला-पाहिलेला. आता सोने मोकळे आहे, पण भाव पाहता ते बहुतेकींना तसे बंदच! त्यामुळे तुळशीबागेत ‘एक ग्रॅम’च्या बांगड्यांना गर्दी. मीही एका दुकानातून असे मंगळसूत्र घेतले होते. वर्षाच्या आत वाटीच्या कडेने काळे झाले आणि मानेला खाज सुटली. दुकानदार म्हणाला, घाम लावलात असेल. घाम काय मी मुद्दाम लावला? आता मला ठाऊक आहे, की विचारायचे ते ‘सोने खरे आहे ना’ असे नव्हे, तर ‘थर किती मायक्रॉनचा’ असे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. स्वस्त दागिन्यावर सोने मायक्रॉनच्या एकदशांश-दोनदशांश इतकेच असू शकते. इतक्या पातळ थरात बारीक भोके राहतात, आणि घाम त्यातून खालच्या तांब्यापर्यंत पोचतो.

आता आमच्या मुखवट्यांकडे येते.

चुलत सासरे गेल्यावर दोन दिवसांनी दुपारी निवडण टिपण करताना सासूबाई आपणहून बोलल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे. नदीकाठच्या पेठांत पाणी चढले. आपल्या शनिवार पेठेत काय झाले हे जुन्या भगिनींना आई-आजीकडून ठाऊकच आहे. आमचा वाडा तेव्हा नदीच्या अंगाला होता. मातीच्या भिंती, पाणी पिऊन बसल्या आणि मागचे दोन खण पडले. धान्य गेले, भांडी चिखलात गेली. माळ्यावरच्या पेटीतले गौरींचे मुखवटे तेवढे वाचले. ते चांदीचे होते. खरे चांदीचे. आजेसासूबाईंनी ते विकले. पत्रे आणले, ज्वारीचे पोते आणले आणि मुलांची भिजून लगदा झालेली पुस्तके नवी घेतली. सासरे तेव्हा शाळेत होते. गौरी दोन महिन्यांवर आलेल्या. तेव्हा त्यांनी उरल्या पैशांतून तसेच पितळेचे मुखवटे मिळवले आणि त्यांना चांदीचा मुलामा करून घेतला. आजेसासऱ्यांनाही बोलल्या नाहीत. ते मानी होते. लक्ष्मी विकली असे कळते तर पत्र्याखाली राहिले नसते, असे त्यांचे म्हणणे. पुढे सासूबाई लग्न होऊन आल्यावर, एकदा मुखवटे घासताना, “जपून घास, नाकावर जोर देऊ नको,” एवढे सांगून त्यांनी ही हकीकत सुनेला सांगितली आणि कोणाला सांगू नकोस म्हणाल्या. सासूबाईंनी पन्नास वर्षे सांगितली नाही.

मी विचारले, “मग आता मला का सांगितलीत?” त्या म्हणाल्या, “फसवले म्हणाले ना ते. ते मला ऐकवेना.”

रात्री त्यांनी ह्यांना आणि चुलत सासऱ्यांना बोलावून तेच सांगितले. चुलत सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या पत्र्यांखाली तेही वाढलेले. मग म्हणाले, की आता देवाच्या कृपेने बरे आहे, आपण सगळे मिळून नवे चांदीचे करू. ह्यांनाही ते पटले. सासूबाई म्हणाल्या, “मी आहे तोवर हेच. ह्यांनाच पुन्हा चांदी चढवून आणा.”

म्हणून मी पुन्हा त्या कारागिराकडे गेले, ह्या वेळी मुलाला घेऊन, आणि त्याने आम्हाला उभे राहून पाहू दिले. मला एक शंका होती ती मी विचारली. नाकच का उघडे पडले, तिथे मुलामा पातळ बसला होता काय? तो हसला. म्हणाला, उलट आहे. वीज पुढे आलेल्या टोकाकडे जास्त धावते, म्हणून नाकावर थर सर्वांत जाड बसतो आणि कानामागच्या खोबणीत सर्वांत पातळ. पण तुमचा हात दरवर्षी नाकावर फिरतो. कानामागे कोण घासते? त्याने भिंग दिले, मी पाहिले. कानामागे ती १९६१ ची चांदी काळी झालेली, पण जागच्या जागी होती.

त्याने मुखवटे घासून, धुऊन आधी तांब्याचे पातळ अस्तर दिले. मग तोलून वजन लिहून ठेवले. नंतर चांदीच्या फिक्या पाण्यात काही क्षणच जोराची वीज सोडली. हा ‘झटका’ दिला नाही तर त्या खिळ्यासारखी कच्ची चांदी आपोआप बसते आणि पुढे पापुद्रे निघतात. आणि मग मोठ्या टाकीत, दोन्ही बाजूंना शुद्ध चांदीच्या पट्ट्या, मध्ये आमच्या दोघी. ३ अँपिअर, अर्धा तास. काही उकळले नाही, धूर नाही, आवाज नाही. तो अधूनमधून तार हलवी एवढेच. बाहेर काढले तेव्हा त्या दुधासारख्या पांढऱ्या होत्या. चमक नंतर घासून आणली.

फॅरेडेच्या हिशेबाने ६ ग्रॅम चांदी बसायला हवी होती. तराजूत ६ ला थोडी कमी भरली. मुलाने घरी मुखवट्यांवर कागद लावून क्षेत्रफळ काढले होते, दोन्ही मिळून आतबाहेर साधारण ८०० चौरस सेंटिमीटर. त्यावरून थर ७ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या एकदशांश जाडीचा. आणि त्यात चांदीच्या कणांचे एकावर एक तीस हजारांच्या आसपास थर. आजेसासूबाईंनी किती जाडीचा करून घेतला होता ते आता कळणार नाही, पण साठावर वर्षे घासून तो फक्त नाकावर आणि हनुवटीवर झिजला, म्हणजे त्यांनी तिथे पैसे वाचवले नव्हते.

कारागिराने सांगितले आहे, की चिंच आणि रांगोळी बंद. मऊ फडके, कोमट पाणी, साबणाचे थेंब, आणि वर्षभर सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायचे. लोकरीत ठेवू नये, लोकरीतल्या गंधकाने चांदी काळवंडते. येत्या ज्येष्ठागौरींना मंडळाच्या सर्व भगिनींना हळदीकुंकवाचे आमंत्रण आत्ताच करते. दुसऱ्या दिवशी दुपारी चार ते आठ. भिंग आणून ठेवले आहे, ज्यांना कानामागे पाहायचे असेल त्यांनी पाहावे.